तीन बटाट्यांचं लोडिंग

३ ऑगस्ट

चि. ठमीला आशीर्वाद, आणि लांबूनच एक गालगुच्चा.

आधी मोठी बातमी, तब्येतीचं मागाहून. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेला हा एवढा मोठा कागद लागलाय. खेळायचा नवा कन्सोल येतोय, बारा नोव्हेंबरला! मी बटाटे आणायला निघाले होते, ती पिशवी हातात धरून तिथंच उभी. सगळा कागद वाचून काढला. आता मी तिसरीपर्यंत शिकलेली, त्यात चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, म्हणजे किती वेळ लागला असेल बघ. दुकानवाली ताई बाहेर येऊन म्हणाली, "आजी, नातवासाठी का?" मी म्हटलं, "नातू नाही मला. एक नात आहे, ती असले खेळ बनवते. कन्सोल माझ्यासाठी." ताईने खुर्ची दिली बसायला. आगाऊ मागणीच्या यादीत पहिलं नाव माझं आहे, मी स्वतः वाकून बघितलं.

तू नोकरीला जाताना जुना कन्सोल इथंच टाकून गेलीस ना, तेव्हा मी त्यावर फडकं घालून ठेवलं होतं. आता तीन वर्षं झाली मी त्याच्यावरच ट्रक चालवतेय. घाटात मागे घेता येतो मला, बोल! पण ते लोडिंग, बाई गं. पडद्यावर ते चाक फिरत राहतं आणि मी बटाटे सोलते. छोटा रस्ता असला तर एक बटाटा. शहर असलं तर तीन. बंदराच्या गावाला गेले की पाच बटाटे होतात, आणि मग संध्याकाळी रोज बटाट्याचंच सूप. शेजारचे घड्याळवाले म्हणतात, "बाई, तुम्ही जरा जवळच्या गावांना माल पोचवा, मला सूपाचा कंटाळा आलाय." फुकट जेवतात आणि वर तोंड करून बोलतात.

तर कागदावर लिहिलंय की नव्यात "अतिवेगवान स्टोरेज" आहे. स्टोरेज म्हणजे साठवण, एवढं मला कळतं. बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या चादरींच्या खोलीत काढली, मला साठवण कोण शिकवणार? पण वेगवान साठवण कशी असेल? ठेवलेली वस्तू गुमान पडून असते, वेग असतो तो आणणाऱ्या माणसाला. मी घड्याळवाल्यांना विचारलं, ते म्हणाले आतलं चक्र जोरात फिरत असणार. मला नाही पटलं. तू लिही.

फोन करू नकोस. कानातलं यंत्र लावून फोन धरला की तो शिट्टी मारतो आणि तुझं बोलणं राहतं बाजूला.

तब्येत ठीक. गुडघा आहे तिथंच आहे.

तुझी आजी


१५ ऑगस्ट

प्रिय आजी,

तुला नमस्कार, आणि दोऱ्याने बांधलेल्या चष्म्याला सहानुभूती. नवी काडी बसवून घे, घड्याळवाले आजोबाच बसवून देतील. सूप पितात ना!

तुझा प्रश्न मी ऑफिसात वाचून दाखवला. "वेग असतो तो आणणाऱ्या माणसाला" या वाक्यावर आमचे साहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, यांना नोकरीवर घ्या.

कारण तेच आहे. जुन्या कन्सोलच्या पोटात एक तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर एक बारीकसा हात पुढेमागे होतो. तुझं बंदर, रस्ते, पाऊस, ट्रकचा भोंगा, सगळं त्या तबकडीवर वेगवेगळ्या जागी ठेवलेलं. त्या हाताने जाऊन एकेक शोधून आणायचं. तोवर तुझे पाच बटाटे. नव्यात तबकडी नाही, हात नाही, काहीच हलत नाही. मागितलं की हजर. आजोबांना सांग, त्यात चक्रच नाहीये.

आणि आता माझं गुपित. आमचा खेळ त्याच कन्सोलवर त्याच दिवशी येणार आहे, बारा नोव्हेंबरला! एका गावात एक कुलुपं दुरुस्त करणारी बाई राहते. गावात चारशे बारा दारं. ती एकेक कुलूप खोलते आणि प्रत्येक दारामागे कुणाचं तरी घर. त्या दारांचं काम माझ्याकडे आहे. दार ढकललं की खोली समोर हवी, मधे चाक नाही, काळा पडदा नाही, काही नाही. हे मीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की आपल्या खेळात थांबायला लागणार नाही.

काम ठीक चाललंय. साहेब ठीक आहेत. जेवण ऑफिसातच होतं, तेही ठीक असतं.

तुझी ठमी


२३ ऑगस्ट

चि. ठमीला आशीर्वाद. गालगुच्चा या वेळी नाही, कान धरलाय असं समज.

तीन वेळा "ठीक" लिहिलंस. मी बोट ठेवून मोजलं. हॉस्पिटलात एखादा पेशंट एका दमात तीनदा ठीक म्हणाला की आमच्या मेट्रनबाई लगेच त्याचा हात धरून ताप बघायच्या. काय झालंय ते सरळ लिही. मला खेळातलं कळणार नाही, कळलं नाही तर नाही, पण तुझ्या मनातलं तरी कळेल. आणि ऑफिसात काय जेवतेस? पाव आणि वर पाव?

तुझ्या पत्राने इकडे केवढा गोंधळ माजवला सांगते. घड्याळवाल्यांना मी म्हटलं, त्यात काहीच हलत नाही. तर त्यांना राग आला गं! हातातला चिमटा खाली ठेवला, डोळ्यावरचं भिंग काढलं आणि म्हणाले, "काहीच हलत नाही, मग ते यंत्र कसलं? तो नुसता दगड झाला." दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर यादीत माझ्याखाली दुसरं नाव कुणाचं असेल? त्यांचंच. मी विचारलं तर म्हणतात, "उघडून बघायला घेतोय. खेळायला नाही."

कुलुपांची बाई मला फार आवडली. तिच्या कमरेला पिशवी आहे का? असावी. दोन्ही हात मोकळे राहतात.

पण आधी काय ते लिही. वाट बघतेय.

आजी


९ सप्टेंबर

आजी,

बरं, ऐक. काहीच ठीक नाहीये.

आमच्याकडे नवा कन्सोल आलाय, आम्हा बनवणाऱ्यांना आधी मिळतो. मी पहिल्यांदा त्यावर आमचा खेळ लावला तेव्हा सगळे मागे उभे होते, कुणीतरी केकसुद्धा आणला होता. कुलुपांच्या बाईने दार ढकललं. आणि काळोख. दीड सेकंद. मग खोली आली. दुसरं दार, पुन्हा काळोख. एवढं वेगवान स्टोरेज आणि माझी दारं अडखळतायत. केक कुणी कापलाच नाही.

तू म्हणशील दीड सेकंद म्हणजे काय, बटाट्याचं एक सालपटसुद्धा निघत नाही. पण चारशे बारा दारं आहेत, आणि लोक धावत धावत दारं उघडतात. प्रत्येक वेळी तोंडावर आपटल्यासारखं वाटतं.

साहेबांनी तीस सप्टेंबरपर्यंत वेळ दिलाय. तोवर जमलं नाही तर दोनच वाटा. एक तर प्रत्येक दारामागे एक रिकामा बोळ टाकायचा. बाई बोळातून चालत राहते, तेवढ्यात खोली तयार होते. सगळे खेळ असं करतात, तुझ्या ट्रकच्या खेळातले बोगदे त्यासाठीच आहेत. पण चारशे बारा बोळ आता करायला वेळ नाही, म्हणजे बारा नोव्हेंबर गेला, खेळ पुढच्या वर्षी. दुसरी वाट म्हणजे आहे तसा काढायचा आणि मी तोंड लपवायचं.

आणि मी एक वाईट गोष्ट केली. आमच्यात एक जण आहे, त्याला आम्ही यंत्रवाला म्हणतो. कन्सोलमधून वस्तू मागवायचं काम त्याचं. मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, तुझंच काम रेंगाळतंय, माझी दारं बरोबर आहेत. तो चष्मा पुसत बसला. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही, आणि समोरासमोर बसतो.

बाईच्या कमरेला पिशवी आहे. कालच लावली, तुझ्यासाठी.

ठमी


१५ सप्टेंबर

माझ्या बाळे,

तुझं पत्र वाचून आधी पाणी प्यायले आणि मग लिहायला बसले.

एक तर बोळ टाकायचा असेल तर टाक. मी चालेन बोळातून. मला कुठं गाडी पकडायची आहे? पुढच्या वर्षी आला खेळ तरी मी आहेच, गुडघ्यासकट. तेव्हा तोंडबिंड लपवायचं नाव काढू नकोस. एवढं गोड तोंड, ते काय लपवायला दिलंय?

पण त्या यंत्रवाल्याचं मला लागलं. तो चष्मा पुसत बसला असं लिहिलंस ना, तिथं माझं मन अडकलं. कारण मी पण एकाला असं केलंय आणि हे मी तुझ्या आईलासुद्धा कधी सांगितलं नाही.

आमची चादरींची खोली तळघरात. वर चार मजले. तेव्हा लिफ्ट नव्हती, जिना चढायचा. जिना चढायचा म्हणजे खेप वाचवायला पाहिजे. म्हणून मी मोठी मोठी गाठोडी बांधायची. एका गाठोड्यात पन्नास चादरी, उशांचे अभ्रे, गाऊन, टॉवेल, सगळं एकत्र. एकदा वर नेलं की दिवसभर बघायला नको. आणि माझी गाठ म्हणजे अशी की जिन्यावरून गाठोडं गडगडत खाली आलं तरी सुटायची नाही. लांबून लांबून लोक बघायला यायचे असं नाही म्हणत मी, पण मेट्रनबाईंनी दोनदा कौतुक केलं होतं.

मग लिफ्ट आली. आम्हाला कोण आनंद! अर्ध्या मिनिटात चौथा मजला. लिफ्ट चालवायला एक माणूस ठेवला, लांबट तोंडाचा, कमी बोलायचा. आणि तरी काय, तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंची आरोळी चालूच. "एक अभ्रा मागितला, पाऊण तास झाला!" मी म्हटलं हे त्या लिफ्टवाल्याचं काम. रेंगाळतो मेला. मेट्रनबाईंकडे तक्रार केली, त्यांनी सगळ्यांसमोर त्याला झापलं. तो टोपी हातात घेऊन फिरवत राहिला.

महिन्याभराने मी स्वतः वर गेले कशालातरी. बघते तर नर्सबाई जमिनीवर फतकल मारून बसलेल्या, पुढ्यात माझं गाठोडं. दाताने गाठ सोडतायत! माझी गाठ! सुटल्यावर पन्नास चादरी बाहेर काढल्या, गाऊन काढले, तळातून एक अभ्रा काढला आणि मग सगळं पुन्हा घड्या घालून आत. लिफ्ट अर्ध्या मिनिटातच येत होती गं. उशीर माझ्या गाठीत होता. जिना गेला होता, आणि मी अजून जिन्यासाठीच गाठोडी बांधत होते.

दुसऱ्या दिवसापासून सुटे अभ्रे, सुट्या चादरी. मागितलं तेवढंच वर. सगळं सुरळीत झालं. पण त्या माणसाला मी "चुकले" म्हटलं नाही. आज म्हणू उद्या म्हणू करता करता तो निवृत्त झाला, मी निवृत्त झाले.

तर माझं एवढंच ऐक. काम होईल नाही होईल, तू त्या यंत्रवाल्याशी बोल. चूक त्याची असली तरी बोल. समोर बसून न बोलणं फार जड असतं, आमच्या घड्याळवाल्यांचे दोन दिवससुद्धा मला जड गेले होते. त्यांना सांगू नकोस.

पावाबरोबर काहीतरी गरम खा.

आजी


२८ सप्टेंबर

चि. ठमीला आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. तीस तारीख परवावर आली. मी विचारत नाहीये, नुसती आठवण काढतेय.

तुला लिहिल्यावर मलाच चैन पडेना. दुसऱ्याला शहाणपण सांगायचं आणि आपण घरात बसायचं? लिफ्टवाल्याचा पत्ता काढला. दोन बस बदलून गेले. लांबट तोंड तसंच आहे, फक्त केस गेले. मी दारातच उभं राहून सगळं म्हणून टाकलं, की चाळीस वर्षांपूर्वी मी तुमची खोटी तक्रार केली, माझी चूक होती, मला माफ करा. तर तो म्हणतो, "खोटी कशी बाई? मी रेंगाळायचोच. दुसऱ्या मजल्यावर मला चहा मिळायचा."

ठमे, मी इतकी हसले की त्याच्या सुनेने मला पाणी दिलं.

आता लिही गं. एक ओळ लिही.

आजी


२ ऑक्टोबर

आजी, आजी, आजी!

गाठोडी! अगं, गाठोडी!

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. यंत्रवाल्याशी बोलायचं हे ठरवतच होते, आणि "जिना गेला होता" या ओळीवर अंगावर काटा आला. तशीच उठून त्याच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, "माझं चुकलं. आणि हे वाच." त्याने वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "आपण अजून तबकडीसाठीच बांधतोय."

जुन्या कन्सोलच्या त्या बिचाऱ्या हाताची खेप वाचावी म्हणून आम्ही एका अख्ख्या गल्लीतल्या घरांचं सामान एकाच गठ्ठ्यात दाबून भरायचो. खुर्च्या, पडदे, मांजरं, सगळं. वर्षानुवर्षांची सवय, कुणाच्या मनातही आलं नाही. नवा कन्सोल गठ्ठा क्षणात आणून देत होता. पण बाईने एक दार ढकललं की आम्ही अख्ख्या गल्लीचा गठ्ठा सोडत बसायचो, एका खोलीसाठी! उशीर माझ्या गाठीत होता, आजी. त्याच्या आणण्यात नव्हता.

बारा दिवस आम्ही दोघं सुटं करत बसलो. प्रत्येक खोलीचं सामान वेगळं, हवं तेवढंच. म्हणून पत्र नाही लिहिलं, खरंच रागावू नकोस. तीस तारखेला दुपारी साहेब माझ्या खुर्चीत बसले. दार ढकललं. खोली. दुसरं. खोली. ते बाईला पळवत सुटले, मी मागे उभी, श्वास धरून. तेहतीस दारं झाल्यावर म्हणाले, "बारा नोव्हेंबर." आणि उठून गेले. यंत्रवाल्याने मला उचलून गोल फिरवलं. (तो नुसता मित्र आहे. कान टवकारू नकोस.)

बारा तारखेला मला इथंच राहावं लागणार, काही बिघडलं तर बघायला. तू खेळ आणि लगेच लिही. साहेबांचं मत मला मिळालं. तुझं नाही मिळालं अजून, आणि मला तेच हवंय.

तुझीच
ठमी


१३ नोव्हेंबर

चि. ठमीला खूप खूप आशीर्वाद, दोन्ही गालांना गालगुच्चे, आणि त्या नुसत्या मित्रालाही एक आशीर्वाद. कान मी टवकारले नाहीत, ते आपोआप झाले.

काल काय झालं ते सगळं सांगते. सकाळी आठला दुकानापाशी गेले तर घड्याळवाले आधीच उभे, इस्त्रीचा शर्ट घालून. दोन्ही खोके त्यांनीच उचलले, मला हात लावू दिला नाही. त्यांचा खोका त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि त्याला स्क्रू किती आहेत ते बघत बसले. दुकानवाली ताई सगळ्या तारा जोडायला आली.

लावला. आणि पडद्यावर काय यावं? "कृपया थांबा, अद्ययावत होत आहे." दीड तास! मी म्हटलं, हे तुमचं अतिवेगवान का? घड्याळवाले इतके खूश झाले की विचारू नकोस. "दगड आहे, मी म्हटलं नव्हतं?" मग आम्ही तिघांनी चहा घेतला, ताईने तिच्या लग्नाची गोष्ट सांगितली, ती आधीच मोठी, त्यात मला कमी ऐकू येतं म्हणून दोनदा सांगितली. फार मजा आली खरं तर.

आणि मग तुझं गाव आलं. अगं, किती सुंदर गं! कुलुपांची बाई आली, कमरेला पिशवी. मी तिला पहिल्या दारापाशी नेलं. आणि ठमे, मी बटणावरून बोट काढून घेतलं. ट्रकने एवढे घाट केले तेव्हा कधी काढलं नव्हतं. मनात आलं, आता काळोख आला तर? माझ्या पोरीचे एवढे महिने त्या दारामागे आहेत. मी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

डोळे उघडले तर मी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभी! चुलीवर भांडं, खुर्चीत मांजर, खिडकीतून ऊन. मला वाटलं माझे डोळे जास्त वेळ मिटलेले राहिले असतील. म्हणून बाहेर आले, पुन्हा उघडे डोळे ठेवून आत गेले. काही मधे नाहीच गं. दार ढकललं की घर. जसं खरं दार असतं तसं.

घड्याळवाले उठले, घरी गेले आणि शर्यतीत वापरतात तसलं घड्याळ घेऊन आले, सेकंदाचेही तुकडे मोजणारं. म्हणाले, "उघडा, मी वेळ मोजतो." मी उघडलं. ते म्हणाले, "पुन्हा, माझं बोट पोचलं नाही." पुन्हा उघडलं. "पुन्हा." असं किती वेळा केलं असेल? ताईने मोजलं, चाळीस वेळा. एकदाही त्यांना वेळ मोजता आला नाही. शेवटी त्यांनी घड्याळ खिशात घातलं, पडद्याजवळ गेले आणि त्या ढिम्म डब्याकडे वाकून बघत म्हणाले, "काहीच हलत नाही म्हणता?" मी म्हटलं, "काहीच नाही." तर म्हणतात, "मग मी स्क्रू काढत नाही. लावून द्या मला पण."

तुला माझं मत हवं होतं ना? घे. तू थांबायला लागणार नाही म्हणाली होतीस आणि थांबायला लागलं नाही. बत्तीस वर्षांत मला कुणी मागितलेली वस्तू इतक्या पटकन आणून दिली नव्हती. आता जाऊन साहेबांना सांग की चादरींच्या खोलीवालीने पास केलं.

फक्त एक आहे. खेळात पुढे काहीतरी गोष्ट आहे म्हणे, त्या बाईचा कुणी भाऊ हरवलाय, त्याला शोधायचंय. ताई सकाळपासून विचारतेय, भावाचं काय झालं. आम्हाला काय माहीत? कालपासून मी आणि घड्याळवाले आळीपाळीने नुसती दारंच उघडतोय. अजून पहिल्या गल्लीतून बाहेर पडलेलो नाही. भावाला म्हणावं, जरा दम धर बाबा, येतोय आम्ही.

तुझी
आजी